हत्ती गेला, नाव राहिलं

सातवीत असताना गुरुजींनी वर्गात विचारलं, "एलिफंटा केव्ज कुणी कुणी पाहिलीत? हात वर करा." दोन पोरांनी हात वर केले. एकाचा बाप मुंबईला गोदीत होता, दुसऱ्याचा काका गिरणीत. मी आपला हात मांडीखाली दाबून बसलो. एलिफंटा म्हणजे विलायतेतलं काहीतरी असावं असं मला वाटलं होतं. मग गुरुजींनी फळ्यावर खाडी काढली, खाडीत एक बेट काढलं आणि बेटावर तीन गावं लिहिली. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "गुरुजी, ही तर घारापुरी. माझं आजोळ." सगळा वर्ग हसला. दर मे महिन्यात जिथं जायचो, जिथल्या लेण्यात लपाछपी खेळायचो, ती जागा मी पाहिलेली नाही असं मीच सांगून बसलो होतो.

गुरुजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "घारापुरी हे घरचं नाव. एलिफंटा हे पाहुण्यांनी ठेवलेलं नाव. पाहुण्यांचं नाव पुस्तकात गेलं, घरचं घरातच राहिलं." तेवढ्यावर धडा संपला. मला मात्र ते वाक्य पन्नास वर्षं पुरलंय.

आमचं गाव उरणच्या खाडीकाठचं. बाप भात पिकवायचा, उन्हाळ्यात मिठागरावर जायचा. आई घारापुरीची. माहेराला जायचं म्हणजे न्हाव्याच्या बाजूनं होडीत बसायचं, भरती-ओहोटी पाहून. ओहोटीला निघालं तर चिखलात गुडघाभर रुतून होडी ढकलावी लागायची. आई डोक्यावर बोचकं घ्यायची, त्यात तांदूळ, सुके बोंबील आणि आजीसाठी तंबाखू. होडी बेटाजवळ गेली की दोन डोंगर आणि मधली खिंड दिसायची. त्या खिंडीकडं बोट करून आई म्हणायची, "बघ, आलं माझं घर." डोंगरात लेणी आहेत हे ती कधी सांगायचीच नाही. ज्याच्या दारात वड असतो तो वडाची गोष्ट सांगत बसत नाही, तसं ते होतं.

बेट लहानच. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला माणूस निवांत चालत गेला तरी घामटा पुसायच्या आत पोचतो. पायथ्याला चिखल आणि तिवरं, वर आंबा, चिंच, करवंद, ताडाची झाडं. मामा सपाट जागेत भात लावायचा. उरलेला वेळ जाळं. पाणी पावसाचं, ते साठवून पुरवायचं. वैशाखात आजी भांडं पालथं करून ठेवायची, थेंबही सांडला तर पाठीत बसायची.

लेणी वरच्या डोंगरात. आता बंदरापासून वरपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत आणि दोन्ही बाजूंना टोप्या-माळांची दुकानं. आम्ही पोरं पायवाटेनं, करवंदं खात चढायचो. वर गेलं की एकदम गार. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत काळोख. थोडा वेळ काही दिसायचं नाही. मग एकेक खांब अंधारातून पुढं यायचा. जाड खांब, वर उशी ठेवावी तसा गोल माथा. आणि मग समोरच्या भिंतीतून तो मोठा देव. अठरा-वीस फूट उंच, छातीपासून वरचा, तीन तोंडांचा. पुस्तकवाले त्याला त्रिमूर्ती म्हणायचे. ब्रह्मा, विष्णू, महेश. आता जाणकार सांगतात की तो सदाशिव, तिन्ही तोंडं शिवाचीच. मधलं शांत, एका बाजूचं रागीट, मिशी असलेलं, दुसऱ्या बाजूचं बाईचं, हातात कमळ. आजीला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणायची, "ह्यो एकच हाय. माणूस सकाली येगला, दुपारी येगला, राती येगला. तसाच त्यो." मी पुढं बरंच वाचलं, पण आजीपेक्षा वेगळं कुणी फारसं सांगितलं नाही.

भिंतीवर बाकीचे शिवही होते. नाचणारा, अंधकासुराला मारणारा, जटेत गंगा झेलणारा, अर्धा पुरुष अर्धी बाई असलेला. आईला एकच आवडायचं, शंकर-पार्वतीचं लग्न. पार्वतीची मान किंचित खाली, शंकरानं तिचा हात धरलाय. आई म्हणायची, "बघ, दगडाची असून लाजलीय." मोठ्या लेण्याच्या आत चार दारांचा गाभारा आहे, दाराशी माणसापेक्षा कितीतरी उंच द्वारपाल आणि आत पिंडी. महाशिवरात्रीला आमच्याकडची माणसं होड्या भरभरून यायची, पिंडीवर बेल-पाणी घालायची. एरवी वर्षभर तिथं वटवाघळं आणि आम्ही.

हे कुणी कोरलं? हा प्रश्न मी मामाला विचारला. तो म्हणाला, "पांडवांनी, एका रातीत." आमच्याकडं जे कोरलेलं असतं ते सगळं पांडवांचंच असतं. खरं काय ते पुढं मुंबईच्या एका माहितगार माणसाकडून कळलं. इसवी सनाच्या सहाव्या शतकात, मध्यावर केव्हातरी, हे मोठं लेणं कोरलं गेलं असावं. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी सापडली, म्हणून कलचुरींचं नाव घेतात. कोकणात तेव्हा मौर्य नावाचं एक घराणंही होतं. सन ६३४ च्या ऐहोळेच्या शिलालेखात पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशी 'पुरी' नावाची नगरी चालुक्यांच्या पुलकेशीनं जिंकल्याचं लिहिलंय. ती पुरी म्हणजे आमची घारापुरी, असं काहीजण म्हणतात. काहीजण दुसऱ्या जागेकडं बोट दाखवतात. पूर्वेकडच्या डोंगरावर बौद्धांचा विटांचा स्तूप आहे, तो या लेण्यांहूनही जुना. म्हणजे हे बेट कधीकाळी नुसतं बेट नव्हतं. गलबतं लागत होती, व्यापार होता, राजे यावर डोळा ठेवून होते.

आणि या सगळ्याचा लेखी पुरावा? तो होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो यानं लिहून ठेवलंय की लेण्याच्या दारावर अक्षरं कोरलेला एक दगड होता. पोर्तुगीजांनी तो काढला आणि आपल्या राजाला पाठवला, वाचून घेण्यासाठी. तो कुणाला वाचता आला नाही, आणि पुढं तो दगडच हरवला. आमच्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बेटाचा सातबारा साहेबानं तपासायला नेला आणि परत दिला नाही. आता मालक कोण हे ठरवायला लोक खांबांची नक्षी आणि नाणी बघत बसतात.

पोर्तुगीज आले ते १५३४ साली. गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि आसपासची बेटं त्यांना तहात दिली. ते आमच्या बेटावर उतरले तेव्हा राजबंदराच्या बाजूला, दक्षिणेकडं, एक मोठा दगडी हत्ती उभा होता. एकाच काळ्या दगडाचा, तेरा फुटांहून लांब. त्यांनी बेटाचं नाव हत्तीवरून ठेवलं. एलिफंटा. हजार वर्षांची लेणी डोंगरात होती, तीन गावं होती, घारापुरी हे नाव होतं. पण बंदरावर उतरल्या उतरल्या जे दिसलं ते त्यांनी नाव म्हणून लिहिलं. मी त्यांना फार दोष देत नाही. आमच्या गावातही नवीन माणूस आला की आधी पाराचं नाव घेतो.

दोष द्यायचा तर दुसऱ्या गोष्टीला. लेण्यातल्या मूर्तींचे हात-पाय तुटलेले आहेत. पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर नेम धरून बंदुका चालवल्या असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. मला वाटतं सगळंच काही त्यांनी मोडलेलं नसणार. खारं वारं, झिरपणारं पाणी आणि नंतर आलेली माणसं यांचाही वाटा असणार. त्या माणसांत मीही आहे, ते पुढं सांगतो.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, इकडची पोर्तुगिजांची सत्ता उठली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि खाडीतली बेटंही त्यांच्याकडं गेली. मराठ्यांच्या पस्तीसेक वर्षांत या बेटावर काय झालं याची आठवण आमच्याकडं कुणाच्या तोंडी नाही. इंग्रजांच्या मात्र आहेत. लेण्यांच्या वरच्या डोंगरावर त्यांच्या काळातल्या दोन मोठ्या तोफा अजून पडून आहेत. आम्ही तोफेवर घोडा घोडा खेळायचो. तोफेचं तोंड मुंबईच्या समुद्राकडं.

घोड्यावरून आठवलं. बेटावर हत्तीसारखा एक दगडी घोडाही होता. १७१२ साली एका इंग्रज कप्तानानं तो पाहिला आणि लिहून ठेवला. पुढच्या पन्नासेक वर्षांत आलेल्यांना तो दिसला नाही. घोडा गेला तर त्याचं नावही गेलं. हत्तीचं नशीब थोडं बरं, की वाईट, ते ज्याचं त्यानं ठरवावं. १८१४ साली हत्तीचं डोकं आणि मान गळून पडली. पुढं धडही खचलं. १८६४ साली साहेबांच्या मनात आलं की हा हत्ती विलायतेला न्यावा. यारी लावली, साखळी बांधली, उचलला आणि साखळी तुटली. हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे विलायतेला नेऊन काय करणार? मुंबईला भायखळ्याच्या बागेत नेऊन टाकले. ती बाग दोनच वर्षांपूर्वी, १८६२ साली, उघडलेली. तेव्हाची व्हिक्टोरिया गार्डन, आपली राणीची बाग. तिथं ते तुकडे पन्नास वर्षं पडून राहिले. १९१४ साली दोघा इंग्रजांनी, कॅडेल आणि ह्युएट यांनी, ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला.

आजी हे सगळं एका ओळीत सांगायची. "हत्ती सायबान नेला, नाव हितं ठेवला." ती राणीच्या बागेत कधी गेली नाही.

आता माझी गोष्ट. मी अकरा वर्षांचा असेन. मामाच्या पोराबरोबर लेण्यात गेलो होतो. मुंबईहून आलेल्या कुणीतरी खांबावर बाण मारलेलं बदाम आणि दोन नावं कोरली होती. मला ते फार आवडलं. माझ्याकडं होडीतला एक मोठा खिळा होता. बाजूच्या अंगणातल्या भिंतीवर, खालच्या अंगाला, मी माझं नाव कोरायला बसलो. काळा दगड म्हणजे काय असतो ते तेव्हा कळलं. तासभर घासून एक अक्षर उमटलं, तेही वाकडं. हात सोलवटून निघाले. आणि तेव्हा मला वाटलं, बापरे, ज्यांनी हे एवढे देव काढले त्यांनी किती घासलं असेल! इतिहासाचा पहिला धडा मला त्या खिळ्यानं शिकवला, आणि तो शिकताना मी इतिहासालाच ओरखडा काढत होतो.

आजोबांना मामाच्या पोरानं सांगितलं. मला वाटलं, मार बसणार. आजोबांनी मारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून वर घेऊन गेले, त्या अक्षरापाशी उभं केलं आणि विचारलं, "ह्यो कोनी काढला?" मी म्हणालो, "मी." म्हणाले, "तुला कोन वलखतंय?" मी गप्प. मग त्या मोठ्या देवाकडं बोट केलं. "त्यो कोनी काढला?" मी म्हटलं, "माहीत नाय." म्हणाले, "आता समजला?" मला तेव्हा समजलं नाही. आता वाटतं थोडं समजतंय.

लेणी १९०९ साली सरकारी संरक्षणात आली. पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी असायचा, पण बेटावरच्या पोरांना तो ओळखायचा, त्यामुळं अडवायचा नाही. १९८७ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत नाव घातलं. नाव घातलं ते एलिफंटा लेणी असंच. बेटावर पाहुणे वाढले. धक्का लांब झाला, धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी सुरू झाली. मामाच्या पोरानं आधी डोली उचलली. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून चार जणांनी खांद्यावर पायऱ्या चढवायच्या. खांदा गेल्यावर त्यानं दुकान टाकलं. त्याची बायको मक्याची कणसं, कैऱ्या, बोरं, चिंच विकते. सोमवारी लेणी बंद, त्या दिवशी धंदा बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद, धंदाही बंद. शेती करणाऱ्याला हे नवीन नाही. आमचंही पोट आभाळावरच, त्यांचंही. फक्त त्यांच्या पिकाला गेटवेवरून लाँचनं यावं लागतं.

पण लेण्यांवर उजेड पडायचा आणि गावात अंधार असायचा, ही गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

१८७५ साली इंग्लंडचा युवराज मुंबईला आला तेव्हा त्याला या लेण्यात मेजवानी दिली होती. देवांच्या पुढ्यात टेबलं मांडली, दिव्यांची आरास केली. त्याची चित्रं विलायतेच्या वर्तमानपत्रात छापून आली. ते चित्र मी पाहिलंय. खांबाखांबाला उजेड. माझ्या आजोबांचा आजा तेव्हा खाली शेतबंदरला कंदिलाच्या उजेडात जेवत असणार. त्याला बहुतेक मेजवानीचं सामान वर न्यायला लावलं असेल. हा आपला माझा अंदाज.

त्यानंतर १०३ वर्षांनी, १९७८ च्या आषाढात, मी लावणीला मामाकडं गेलो होतो. दहावी झालेली, पुढं शिकायला पैसे नव्हते, अंगात जोर होता. मामी पोटुशी होती, दिवस भरत आले होते. होडीनं आधीच उरणला न्यायचं ठरलं होतं, पण पाऊस पाच दिवस धरला होता. सहाव्या रात्री मामीला कळा सुरू झाल्या. मामा आणि मी कंदील घेऊन बंदरावर गेलो. समुद्र नुसता उसळत होता. होडी सोडायला कुणी तयार होईना, आणि कुणी तयार झालं असतं तरी मामानं सोडू दिली नसती. आम्ही दोघं तिथं उभे होतो. वाऱ्यानं कंदील विझला. तेव्हा समोर मुंबई दिसली. सगळी दिव्यांनी पेटलेली. इतकी जवळ की हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं. मामा काही बोलला नाही. आम्ही अंधारात चाचपडत घरी आलो. सुईण होती, तिनं जमेल ते केलं. पहाटे मुलगी झाली. ती रडली नाही.

मामी वाचली. त्या मुलीचं नाव ठेवायचं राहिलं.

पुढं बेटावर जनरेटर आलं. संध्याकाळी तीन-चार तास वीज, मग भप्पकन अंधार. त्या तीन-चार तासांत पोरांनी अभ्यास करायचा, बायकांनी भाकऱ्या थापायच्या, टीव्ही बघायचा. पाहुण्यांना हे कधी दिसायचंच नाही. शेवटची लाँच संध्याकाळी निघून जायची, रात्री बेटावर राहायला त्यांना परवानगी नव्हती. दिवसाची घारापुरी त्यांची, रात्रीची आमची. एलिफंटा महोत्सव सुरू झाला. लेण्यांच्या अंगणात मोठमोठे कलावंत यायचे, रोषणाई व्हायची. मामाचं पोर म्हणायचं, "दादा, देवाला उजेडाची गरज हाय का आमाला?" असं बोलायचा आणि तोच महोत्सवाच्या खुर्च्या वाहायला जायचा, कारण त्याचे पैसे मिळायचे.

मी त्याला सांगायचो, आमच्याकडं उजेड आहे पण जमीन नाही. १९७० पासून नवी मुंबईसाठी, मग बंदरासाठी आमच्या जमिनी गेल्या. मिठागरं गेली, भाताची खाचरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरणचा शेतकरी रस्त्यावर आला, दि. बा. पाटील पुढं होते. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच माणसं हुतात्मा झाली. त्यांच्यामुळंच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. १९८९ ला बंदर सुरू झालं. आता मामाच्या ओट्यावर बसलं की समोर त्या बंदराच्या उंच याऱ्या दिसतात, रात्रभर झगमगतात. दुसऱ्या बाजूला २०२४ ला सुरू झालेला अटल सेतू. आमचं गाव बंदरानं खाल्लं, आणि तुमचं बेट वारशानं राखलं. पण राखलेल्या माणसाच्या घरात दिवा नव्हता. दोघांपैकी कुणाचं बरं चाललंय यावर आम्ही ताडी पीत बरेच वाद घातले. निकाल लागला नाही.

वीज शेवटी आली. २२ फेब्रुवारी २०१८. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. मुख्यमंत्री आले, भाषणं झाली, पेपरात फोटो आले. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं होऊन गेली होती. मी मुद्दाम गेलो होतो. मामा नव्हता, तो आधीच गेला. मामी होती, पंच्याहत्तरीच्या पुढची. घरात बल्ब लावला होता. सगळे म्हणाले, आजी, बटण तू दाब. तिनं दाबलं. घर लख्ख झालं, पोरं ओरडली, टाळ्या वाजवल्या. मामी बल्बकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "चालीस वर्सां उशीर झाला." बाकी कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. आणि कंदील तिनं काढू दिला नाही. तो अजून खुंटीला आहे.

मी इतिहासाचा माणूस नव्हे. पण त्या रात्री मला वाटलं, वारसा वारसा म्हणतात तो फक्त दगडात मोजला तर हिशेब चुकतो. दगड कुणी कोरला याची नोंद हरवली, घोडा हरवला, हत्ती फुटला, ते निदान कुठंतरी लिहिलेलं आहे. त्या दगडांच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिलेली माणसं कुठं लिहिलेली आहेत? म्हणून हे लिहितोय. दहावी शिकलेल्या माणसाला जमेल तसं.

गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन राणीच्या बागेत गेलो. मुलगा कंटेनर यार्डात कामाला, त्याला सुट्टी नव्हती. नातू दुसरीतला. त्याला पेंग्विन बघायचे होते. २०१७ पासून तिथं पेंग्विन बघायला मिळतात आणि त्यांच्यासमोर ही रांग. आम्ही उभे राहिलो, पेंग्विन पाहिले. मग मी त्याला म्हटलं, "चल, आता माझा पाहुणा दाखवतो." भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला तो उभा आहे. काळा, ठेंगणा वाटणारा, सांधे दिसणारा. माझं आयुष्य त्याच्या गोष्टीत गेलं आणि मी त्याला पहिल्यांदा बघत होतो. जवळ कुणी नव्हतं. एक जोडपं सावलीला डबा खात होतं.

नातवानं जवळ जाऊन पाहिलं. म्हणाला, "आजोबा, ह्याला टाके घातलेत."

म्हटलं, "हो. पडला होता."

"कुणी पाडला?"

मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. साखळीची, साहेबाची, बेटाची. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता परत का नाही नेत? पूल पण झालाय."

मी म्हटलं, पूल बेटावर उतरत नाही. पण खरं उत्तर ते नव्हतं. हत्ती परत न्यावा असं मलाही वाटतं. आणि असंही वाटतं की या वयात आता त्याला पुन्हा साखळी लावू नये.

दिवाळी संपायच्या आत त्याला घारापुरीला नेलं. तेही माझंच मागचं देणं होतं. लेण्यात मोठ्या देवापुढं तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग मी त्याला बाजूच्या अंगणात नेलं. दाखवायचं की नाही हे होडीत बसल्यापासून ठरत नव्हतं. शेवटी वाकून दाखवलं. माझं अक्षर अजून आहे. शेवाळ आलंय, पण आहे. त्यानं बोट फिरवलं.

"हे कुणी काढलं?"

"मी."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझे आजोबा आठवले. मी त्याला म्हटलं, इथं हात लावू नको म्हणून पाटी आहे ना, ती माझ्यासारख्यांसाठी आहे. तू कधी असं करू नको. तो म्हणाला, "मला नाव लिहिता येतं, पण मी वहीत लिहितो."

खाली शेवटच्या लाँचचा भोंगा झाला. पाहुणे पायऱ्या उतरायला लागले, दुकानदारांनी माल आवरायला घेतला. नातू घाबरला, "आजोबा, लाँच जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे. आपल्याला नाही जायचं. आपलं आजोळ आहे इथं." खाली शेतबंदरला एकेक घरात दिवा लागत होता. मामी ओट्यावर बसून वाट बघत होती.